बाबांची अंगठी आणि ‘कचरा नको’चं बटण

शनिवारी सकाळी आठ वाजता मी गॅरेजमध्ये होम डेपोच्या त्या केशरी बादलीत मीठ मोजून ओतत होतो. एकोणीस लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण ६६५ ग्रॅम मीठ. समुद्राचं पाणी सरासरी एवढंच खारट असतं. बायको चहाचा कप घेऊन दारात आली, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कैऱ्या कुठेयत?"

तर मंडळी, लोणचं नव्हतं. मेटल डिटेक्टरची कॉइल बुडवून ठेवायची होती.

सुरुवात केली तसा पहिल्याच मिनिटाला कर्णकर्कश आवाज. कॉइल बादलीच्या बाहेर, आवाज बंद. आत, आवाज चालू. अर्धा तास मी मिठाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, सर्किटमधला डिले, स्वतःचं इंजिनियरिंगचं शिक्षण या सगळ्यावर शंका घेतली. मग लक्षात आलं की बादलीला लोखंडी तारेची कडी आहे. काढली. शांतता. (हे बायकोला सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही अशी माझी समजूत आहे.)

हा सगळा उद्योग कशासाठी, ते सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. एका रविवारी बेलमारच्या बीचवर गेलो. बाबांचा जन्म समुद्राकाठचा, त्यामुळे 'पाणी केवढं गार आहे रे' म्हणत म्हणत ते कमरेपर्यंत आत गेलेच. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी सैल होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाहेर येऊन टॉवेल घेतला तेव्हा त्यांनी उजवा हात नुसता उलटसुलट करून बघितला. साखरपुड्याची अंगठी, ४७ वर्षं बोटात असलेली, झिजून बारीक झालेली. त्यांनी आईला तेव्हा सांगितलंच नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाण्यात उतरायचं तर अंगठी काढून ठेवायची, हे आम्हाला लहानपणी बजावलेलं असायचं. माझंच चुकलं. तू उगाच धावपळ करू नको."

मी अर्थातच धावपळ केली. पंधरा मिनिटांवर एक मित्र राहतो, त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. संध्याकाळी ओहोटीला तो घेऊन मी परत गेलो आणि जिथे बाबा उभे होते त्या पट्ट्यात दोन तास फिरलो. ओल्या वाळूवर यंत्र सारखं किरकिरत होतं म्हणून सेन्सिटिव्हिटी कमी केली. मग ते गप्प झालं आणि मला बरं वाटलं. काही मिळालं नाही. अंधार पडल्यावर गाडीच्या दिव्यात यंत्र आवरताना स्क्रीन नीट बघितला. मित्राने त्याच्या सोयीसाठी मधला एक अख्खा पट्टा बंद करून ठेवला होता. तो नाणी शोधायला बागांमध्ये फिरतो आणि कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या अॅल्युमिनियमच्या कड्यांना, म्हणजे पुलटॅब्जना, वैतागलेला असतो. त्यामुळे त्या पट्ट्यातलं काहीही सापडलं की यंत्राने गप्प बसायचं, असा त्याला हुकूम.

सोन्याच्या बऱ्याचशा अंगठ्या नेमक्या त्याच पट्ट्यात बोलतात.

आता हे असं का, ते थोडक्यात. बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रं व्हीएलएफ जातीची. एक कॉइल सतत काही किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडते, दुसरी ऐकते. धातूत प्रवाह घुमतात आणि परत येणारी लाट थोडी मागे पडलेली असते. ती किती मागे पडली यावरून यंत्र एक आकडा दाखवतं. हा आकडा 'हे सोनं आहे' असं सांगत नाही. तो फक्त वस्तूचा आकार, जाडी आणि विद्युतवाहकता यांची गोळाबेरीज सांगतो. लहान सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यांची गोळाबेरीज सारखीच येऊ शकते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या दोन्ही बारीकशा वाहक रिंगाच आहेत, त्यांची किंमत फक्त आपल्याला माहिती. त्यात अमेरिकन शिकाऱ्यांचे अंदाज १० आणि १४ कॅरेटच्या सोन्यावर बेतलेले. आपलं २२ कॅरेटचं सोनं वीज जास्त चांगली वाहतं, म्हणजे ते आणखी भलत्याच आकड्यावर बसणार. तेव्हा 'ज्वेलरी मोड' वगैरे जे काही असतं त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

माझं मत सरळ आहे. बीचवर वापरायच्या यंत्रात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे हे कचरा गाळणारं बटण. आणि यंत्रात सुधारणा करायला बसणारे लोक (मी धरून) नेमक्या चुकीच्या दोन गोष्टींच्या मागे लागतात. एक, यंत्र अजून हुशार कसं करता येईल. दोन, ते अजून खोल कसं जाईल.

हुशारीचं काय होतं त्याची गोष्ट इथून जवळच घडली आहे. बेलमारहून किनाऱ्याने थोडं उत्तरेला गेलं की एल्बेरॉन लागतं. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात नेमकी कुठे अडकली ते कळेना. एक्स-रेला अजून चौदा वर्षं अवकाश होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं इंडक्शन बॅलन्स घेऊन आले. दोन कॉइल्स, एक टेलिफोनचा रिसीव्हर, धातू जवळ आला की कानात आवाज. आजच्या यंत्रांचा पणजोबाच म्हणा ना. यंत्र चालत होतं, बेलने ते आधी तपासून बघितलं होतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या पलंगावर ते नीट बोलेना. गादीत पोलादी तारा होत्या! (माझ्या बादलीच्या कडीला आता तुम्ही हसणार नाही अशी आशा आहे.) पण त्याहून मोठी गोम अशी की मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, आणि त्यांनी बेलला उजवीकडेच शोधू दिलं. सप्टेंबरमध्ये गारफिल्डना समुद्राच्या हवेसाठी एल्बेरॉनला आणलं. अगदी बंगल्याच्या दारापर्यंत खास रूळ टाकून. १९ सप्टेंबरला ते गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. ती सापडली असती तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. त्यांना मारलं ते मुख्यतः जखमेत न धुतलेले हात आणि सळया घातल्याने झालेल्या जंतुसंसर्गाने. पण 'इथे शोधायची गरज नाही' हे आधीच ठरवून टाकलं की चांगलं यंत्रसुद्धा काय करणार?

आमच्या धंद्यात हे रोज होतं. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडतं, लॉग उघडावा तर स्वच्छ. कारण सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी 'फार गोंगाट होतो' म्हणून वॉर्निंग्ज बंद केल्या. आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा आपणच असतो.

आता खोलीबद्दल. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो. जाताना तीन घात, येताना तीन. म्हणजे दुप्पट खोल ऐकायचं असेल तर ६४ पट जोर हवा. बॅटरी १२ व्होल्टची १५ केली तर सिग्नल सव्वापट होईल, आणि खोलीत वाढ किती? ३० सेंटीमीटरला जेमतेम एक सेंटीमीटर. त्या एका सेंटीमीटरसाठी लोक ट्रान्झिस्टर तापवतात, बॅटरी दोन तासांत झोपवतात, आणि वर गेन वाढवतात. गेन वाढवला की सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून स्टेशन स्पष्ट लागत नाही, हे विविधभारतीवर वाढलेल्या आमच्या पिढीला तरी कळायला हवं होतं. मला कळलं नव्हतं. मीही आधी तेच केलं.

असो. आई-बाबा परत गेल्यावर मी पल्स इंडक्शनचं एक किट मागवलं. हे यंत्र अगदी वेगळ्या तऱ्हेने काम करतं. कॉइलमध्ये काही शे मायक्रोसेकंद करंट सोडायचा आणि झटकन तोडायचा. तोडताना कॉइलवर काही शे व्होल्टचा उसळा येतो आणि विरतो. मग थोडं थांबायचं, दहा-पंधरा मायक्रोसेकंद, आणि मग ऐकायचं. मिठाच्या पाण्यात घुमणारे प्रवाह एवढ्यात मरून गेलेले असतात. अंगठीतले अजून जिवंत असतात. म्हणजे समुद्राचा आवाज गाळायला कुठलीही हुशारी लागत नाही, फक्त योग्य वेळ थांबायचं! मला हे इतकं आवडलं की दोन दिवस मी ऑफिसात सगळ्यांना पकडून सांगत होतो. या यंत्राला लोखंड-सोनं काहीच कळत नाही. धातू आहे की नाही, एवढंच. बाकीचं तुमचं तुम्ही खणून बघा.

किट जोडलं, कॉइल गुंडाळली, जेवणाच्या टेबलावर नाणं वाजलं, आनंदीआनंद. पहिल्याच शनिवारी बीचवर वीस मिनिटं छान चाललं आणि मग वेड्यासारखं बडबडायला लागलं. घरी आणलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा शहाणं. पुढच्या शनिवारी तेच. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य मी आयुष्यात कितीदा ऐकवलंय, आता यंत्र मला ऐकवत होतं.

मग मी ते केलं जे ज्युनियर पोरांना करू नका म्हणून सांगतो. एकदम तीन गोष्टी बदलल्या. अॅम्प्लिफायरची चिप बदलली, बॅटरीचा डबा बदलला, आणि पल्सची फ्रिक्वेन्सी हलवली. बीचवर पुन्हा वीस मिनिटांनी बडबड. एक महिना गेला आणि नवी माहिती शून्य. फ्रिक्वेन्सी हलवण्याचा एक फायदा मात्र झाला, घरातल्या ६० हर्ट्झच्या विजेचा त्रास कमी झाला. पण मुळात पल्स यंत्र घरात तपासणं हेच चूक आहे. भिंतीतल्या वायरी, लॅपटॉपचे चार्जर, एलईडी दिव्यांचे डिमर, सगळे त्याच्या कानात ओरडत असतात. अंगणाच्या टोकाला गेलात तर बरं.

वीस मिनिटं या आकड्याकडे मी महिनाभर बघितलंच नाही. सर्किट बिघडलेलं असेल तर ते वीस मिनिटं वाट कशाला बघेल? वाट बघतं ते पाणी. झिरपायला वेळ लागतो. म्हणून ती बादली. कडी काढल्यावर कॉइल बुडवून ठेवली आणि एकविसाव्या मिनिटाला बडबड सुरू. चूल, मीठ, घड्याळ, बास, एवढ्यावर डिबगिंग होतं (चूल चहासाठी). बादली म्हणजे काही समुद्र नव्हे, तेवढ्याशा पाण्याने खऱ्या ओल्या वाळूचा अंदाज येत नाही. पण गळती शोधायला पुरते.

कॉइल फोडली तर केबल आत जाते तिथे मी बाथरूममधलं उरलेलं सिलिकॉन भरलेलं. व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते. त्या वासाचं कारण म्हणजे सुकताना त्यातून सुटणारं अॅसेटिक अॅसिड, आणि ते तांब्याला खातं. शिल्डची तांब्याची जाळी हिरवी पडलेली आणि तिच्या कडेने पाणी आत. पाणी आलं की कॉइलची कपॅसिटन्स वाढते. कॉइलवर एक डॅम्पिंग रेझिस्टर असतो, उसळा आला की तो लवकरात लवकर विझवायचं त्याचं काम. कपॅसिटन्स वाढली की तोच रेझिस्टर अपुरा पडतो, उसळा विझायच्या ऐवजी घंटेसारखा घुमत राहतो, आणि ती घुमघुम ऐकण्याच्या वेळेत घुसते. यंत्र प्रामाणिकपणे ओरडत होतं. त्याला खरंच काहीतरी ऐकू येत होतं.

उपाय अगदी नीरस. नवी कॉइल, दोन भागांचा एपॉक्सी, केबलला ताण येऊ नये म्हणून दांड्याला दोन ठिकाणी पट्टी, आणि मग ऑसिलोस्कोपवर बघत बघत रेझिस्टर जुळवणं. (करणार असाल तर प्रोब थेट कॉइलवर लावू नका, तिथे काही शे व्होल्ट असतात. डायोडच्या पलीकडे, अॅम्प्लिफायरच्या बाजूला लावा.) डॅम्पिंग नीट बसल्यावर मला ऐकण्याची वेळ पंधरावरून दहा मायक्रोसेकंदांवर आणता आली. लवकर ऐकलं की बारीक सोनं ऐकू येतं, कारण बारीक वस्तूतले प्रवाह लवकर मरतात. मात्र दहावर ओल्या वाळूत मिठाचं पाणीसुद्धा कुजबुजायला लागतं. म्हणून दोन खुणा केल्यात, कोरड्या वाळूला दहा, ओल्याला बारा-तेरा. यंत्राची कमाल खोली यातल्या कशानेही वाढलेली नाही. बाबांच्या अंगठीएवढी वस्तू मात्र आता ऐकू येते, जी आधी बीचवर अजिबात येत नव्हती. आईची जुनी अंगठी पिशवीत घालून, पिशवीला दोरी बांधून वाळूत पुरून बघितलंय. दोरी बांधायची कल्पना आईची. तेव्हा बाबांचं तिला कळलेलं होतं.

माझा मित्र म्हणतो हे सगळं खुळचटपणाचं आहे. प्रत्येक आवाजाला खणायचं तर दिवसाला साठ खड्डे, त्यात पन्नास बाटल्यांची बुचं आणि केसांच्या पिना. खरं आहे त्याचं. केसांची पीन हा प्रकार तर पल्सवाल्याचा जन्मजात शत्रू. बागेत हिरवळीवर फिरताना मीही त्याचंच ऐकीन, तिथे साठ खड्डे केले तर बागवाले हाकलतील, आणि बरोबरच हाकलतील. पण बीचवर खड्डा पायाने बुजवता येतो. आणि तो जो वेळ वाचवतो म्हणतो, त्या वाचवलेल्या वेळात त्याच्या पायाखालून काय काय गेलं याचा हिशेब त्याच्याकडे नाही. असूच शकत नाही. माझ्याकडे निदान बुचांची बरणी आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने. इथल्या किनाऱ्यांवर समुद्रतळाची वाळू उपसून बीच रुंद करतात. २००७ साली सर्फ सिटीला अशा वाळूबरोबर पहिल्या महायुद्धाच्या काळातले दारूगोळ्याचे भाग शेकड्याने वर आले आणि तिथे डिटेक्टरवर बंदी घालावी लागली. तेव्हा 'सगळं खणा' म्हणताना गावाचे नियम आधी बघा, आणि दंडगोल, गंजकं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना बोलवा. भारतात न्यायचा विचार असेल तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अॅक्टही वाचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये, १८७८ चे!

हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूप हसले. मग विचारलं, "आपल्याकडच्या काळ्या वाळूत चालेल का रे तुझं यंत्र?" लहानपणी आम्ही दोरीला लोहचुंबक बांधून वाळूतून ओढायचो आणि त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटायच्या. ती चुंबकीय वाळू व्हीएलएफ यंत्रांना छळते, पल्सला त्या मानाने पुष्कळ कमी. चालेल, म्हटलं. अंगठीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते कधीच विचारत नाहीत.

वर्ष उलटून गेलं. त्या पट्ट्यावर मी आतापर्यंत बावीस वेळा गेलोय. मधल्या काळात वाळू किती वेळा सरकली असेल देव जाणे, हिवाळ्यातलं एक वादळ वाळूचा दोन फुटांचा थर घेऊन जातं आणि पुढचं तेवढाच आणून टाकतं. दोन अंगठ्या मिळाल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या. एकीच्या आत आद्याक्षरं आणि तारीख कोरलेली होती. दोन्ही पोलीस चौकीत दिल्या. कोरलेलीचा मालक सापडल्याचं कळलं, दुसरीचं अजून काही नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी मी ज्या दोन तासांत गप्प यंत्र घेऊन फिरलो, त्यात बाबांची अंगठी माझ्या कॉइलखालून गेली असेलच असं नाही. नसेलही. मला ते कळायचा मार्ग मीच बंद करून फिरत होतो, एवढंच मला नक्की माहिती आहे.

येत्या शनिवारी पहाटे पावणेसहाला ओहोटी आहे. बॅटरी चार्जिंगला लावलीय. बादलीतलं पाणी अजून टाकलेलं नाही, बायको विचारतेय केव्हा टाकणार.